सतरा अंश वाकडं

मी संशयी माणूस आहे. हा कबुलीजबाब समजू नका, ओळख समजा. दूधवाला माप भरतो तेव्हा लोक दुधाकडे बघतात, मी त्याच्या अंगठ्याकडे बघतो. नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली. एका सरकारी कचेरीत बसून जमिनीचे जुने नकाशे उतरवून काढायचे, आणि उतरवता उतरवता कुणी कुणाच्या बांधात रेघ सरकवली आहे का ते पाहायचं. इतकी वर्षं हे केल्यावर रेघ अगदी सरळ दिसली तरी मनात येतं, ही इतकी सरळ कशी?

त्यामुळे त्या मोठ्या धूमकेतूच्या वर्षी माझ्या गच्चीवर जो प्रकार घडला, त्याचा तपास मी स्वतःच करणार हे ठरलेलंच होतं.

नव्वदच्या दशकाची उतरण लागली होती. कळंब्याच्या रस्त्याला आमचं एकमजली घर आणि वर गच्ची. मला आकाशाचा नाद. एक लहानशी दुर्बीण होती, पण आता मला फोटो काढायचे होते, आणि इथेच गाडी अडली होती. तारा काही एका जागी थांबत नाही. कॅमेऱ्याची झडप पाच मिनिटं उघडी ठेवली तर तेवढ्यात पृथ्वी सरकते आणि ताऱ्याच्या टिंबाची रेघ होते. त्यावर इलाज म्हणजे इक्वेटोरियल माउंट. नाव भारदस्त आहे, पण प्रकार साधा. दुर्बिणीखाली एक अशी बैठक, जिचा मुख्य दांडा थेट ध्रुवाच्या ताऱ्याकडे रोखलेला. म्हणजे तो पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. मग एकच चक्री हळूहळू फिरवत राहायचं. पृथ्वी एकीकडे, आपण उलटीकडे, आणि कॅमेऱ्याला वाटतं आकाश थांबलंय.

ही बैठक मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या टर्नरकडून करून घेतली. जुन्या ऑइल इंजिनाची जाड चकतीसारखी फ्लँज, भंगारातली बेअरिंगं आणि मधोमध पोकळ नळीचा दांडा, म्हणजे नळीत डोळा घालून ध्रुव नेमका धरता यावा. टर्नरने कागदावरचं चित्र दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं.

"बंदूक न्हाय न्हवं ही?"

"नाही हो. ताऱ्यांचे फोटो काढायचेत."

"न्हाय, बंदूक असली तरी माझं काय म्हणणं न्हाय. फकस्त पयलं सांगायचं."

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ध्रुव क्षितिजाच्या किती वर दिसतो, तर जितका आपल्या गावाचा अक्षांश. कोल्हापूरला जवळपास सतरा अंश. तेव्हा दांडाही सतरा अंश वर उचललेला पाहिजे. आणि सतरा हा फार फसवा कोन आहे. काश्मीरमध्ये हाच दांडा चांगला उभट दिसेल. बघणारा म्हणेल, कुणीतरी विचार करून रोखलाय. आमच्याकडे तो जेमतेम मान वर करतो. आडवा म्हणावा तर आडवा नाही, तिरका म्हणावा तर तिरका नाही. आडवाच बसवला होता आणि मग नट ढिला पडून घसरला, असं काहीतरी त्याचं रूप.

दिवाळीनंतर मी गच्चीवर सिमेंटचा खांब उभा केला, त्यावर बैठक बसवली, नळीतून ध्रुव धरला आणि नट आवळले. दुसऱ्याच दिवशी सकाळी उत्तरेकडच्या कठड्यावर शेजारचे काका उगवले.

आमच्या दोन घरांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा होता. काका निवृत्त झालेले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी. घरात त्यांचं कानडी चालायचं, मला सुनवायचं ते मात्र मराठीत. कारखान्यांत नव्या मशिनी बसवून द्यायच्या, यात त्यांचा उभा जन्म गेलेला. जयसिंगपूरपासून कागलपर्यंत कुठे लेथ आलं, कुठे प्रेस आलं, की काकांना बोलावणं.

"काय सायेब, ही तोफ कशाला?"

"तोफ नाही काका. दुर्बिणीची बैठक."

"मग ती माझ्या घराकडंच का त्वांड करून बसलीया? पूर्वेला वसाड रान पडलंय की सगळं."

"तिकडे ध्रुव आहे. उत्तरेला."

"उत्तरेला माझी मोरी हाय," काका म्हणाले.

मी त्यांना अर्धा तास पृथ्वीचा आस समजावला. हाताची मूठ पृथ्वी केली, कठडा क्षितिज केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर कुठं दिसतोय म्हणतोस तारा?" मी उत्साहाने बोट केलं: तुमच्या गच्चीच्या त्या कोपऱ्यावर, बरोबर तिथे. ते "बरं बरं" म्हणून खाली गेले. त्या "बरं बरं"मध्ये काहीतरी होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवड्याभरात एक पोलीस दारात हजर. आमच्या घरापासून कळंब्याचं कारागृह फार लांब नाही. कुणीतरी कळवलं होतं म्हणे, की एक माणूस गच्चीवरून रोज दुर्बीण लावतो.

"तक्रार न्हाय, नुसती चौकशी हाय," त्याने टोपी काढत सांगितलं आणि चहा घेतला. मग दुर्बिणीला डोळा लावून कारागृहाची भिंत पाहिली. "अवो, हे उलटं दिसतंय की! भिंत वर, आभाळ खाली."

"ताऱ्यांच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. ताऱ्याला वरखाली नसतं."

"म्हंजे कैदी बघितला तर डोस्क्यावर उभा?" त्याला ते फार आवडलं. हसत हसत गेला. पण कळवलं कुणी, ते काही सांगेना.

मला सांगायची गरजच काय? मी त्या दिवसापासून काकांशी बोलणं बंद केलं. आणि संक्रांतीच्या सुमारास त्यांनी आपल्या गच्चीवर विटांचा ओटा बांधून एक काळी, पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवली. अख्खी गच्ची मोकळी पडली असताना ती ठेवली नेमकी त्या कोपऱ्यात. मी त्या संध्याकाळी नळीत डोळा घातला. ध्रुवाच्या जागी काळाकुट्ट गोल. टाकीचं पोट.

इथून पुढे माझी सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. बैठक आधीच नीट रोखून झाली होती. तिला कुणी हात लावला नाही तर ध्रुव दिसो न दिसो, दांडा त्याच्याकडेच बघत राहणार होता. पण एकदा का ती हलली, तर पुन्हा रोखायला ताराच नव्हता.

आणि मग धूमकेतू आला.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना काय सांगू! दिवेलागणीला वायव्येकडे नुसतं मान वर करून बघायचं. गावातल्या झगझगाटातूनही डोळ्यांना दिसायचा, मागे पांढरा पिसारा टाकलेला. परत येणार दोन-अडीच हजार वर्षांनी, आणि तोवर मी राहीन याची मला खात्री नव्हती. फोटो काढायला मिळणार होते शिमग्यानंतरचे बारा-चौदा दिवस. चंद्र उशिरा उगवू लागला की संध्याकाळ काळोखी होते. पाडव्यानंतर दोन-चार दिवसांत चंद्र पुन्हा संध्याकाळी ठाण मांडतो, आणि धूमकेतूही खाली उतरत फिका होत जाणार. त्या पंधरवड्यात काय मिळेल ते.

पहिल्याच संध्याकाळी कचेरीतून धावत आलो, ताडपत्री ओढून काढली, कॅमेरा बसवला, अंधारात चक्री फिरवत पाच-पाच मिनिटांचे फोटो काढले. रोल स्टुडिओत दिला. दोन दिवसांनी स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह माझ्यापुढे टाकली. "रोल खराब हाय तुमचा. सगळे ओरखडे आल्यात."

मी भिंग लावलं. ओरखडे कसले, तारे होते. प्रत्येक ताऱ्याची तिरकी रेघ, आणि धूमकेतू म्हणजे पाऊस लागलेली रांगोळी. पहिला संशय अर्थात स्टुडिओवाल्यावर. मग चक्रीवर. मग घरी येऊन उजेडात ताडपत्री काढली, आणि बघतो तर काय, दांडा झोपलेला! सतरा अंश वर उचललेला दांडा सपशेल आडवा.

मी कोनमापक लावून तो परत सतरावर आणला. पण वर-खाली मापाने जमतं, डावं-उजवं कशाने जमवायचं? ते ध्रुवच सांगणार, आणि ध्रुव टाकीमागे. अंदाजाने बसवला. मग नटावर आणि त्याखालच्या लोखंडी पट्टीवर मिळून लाल नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका दिला. कुणी हलवलं तर ठिपक्याचे दोन तुकडे होतील.

"माझं नेलपॉलिश कुणाला लावलंत?" बायकोने रात्रीच्या ताटावर विचारलं.

"दुर्बिणीला."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण इतकं लांब "बरं" मी आधी ऐकलं नव्हतं. घरातही माझ्यावर संशय सुरू झाला तो असा.

दोन दिवसांनी पाहिलं. ठिपक्याचे दोन तुकडे, दांडा आडवा.

पुन्हा उचलला. तीन दिवसांनी पुन्हा आडवा. आणि आता मला जे दिसलं त्याने माझ्या अंगावर काटा आला: नटाला तेल लावलेलं होतं. ताजं, बोटाला लागेल असं. मी पायरीवर बसून विचार केला. साधा शत्रू मोडतोड करेल. दगड घालेल. हा येतो, नट सोडतो, दांडा झोपवतो, नट पुन्हा घट्ट आवळतो आणि वर तेल देऊन जातो. का? तर पुढच्या वेळी पान्याचा आवाज होऊ नये म्हणून! केवढा थंड डोक्याचा माणूस!

पंधरवड्यातले नऊ दिवस गेले होते. दुसरा रोलही रेघांचा. मी सापळा लावला.

घरात पाडव्यासाठी रांगोळीचं पीठ आणलेलं होतं. सकाळी कचेरीला जाण्याआधी मी खांबाभोवती त्याचा पातळ थर पसरला. संध्याकाळी येऊन ओणवा झालो. ठसे! अनवाणी, रुंद, मोठे पाय, काकांच्या कठड्याकडून आलेले आणि तिकडेच परतलेले. पण एवढ्यावर थांबत नव्हतं. खांबाच्या पुढ्यात एका गुडघ्याचा गोल ठसा होता, आणि त्याशेजारी हातभर लांबीचा, अरुंद, चौकोनी. म्हणजे माणूस गुडघा टेकून बसला होता आणि त्याने जवळ एक लांबट पेटी ठेवली होती.

मी बायकोला वर बोलावून दाखवलं.

"काका असतील," ती सहज म्हणाली. "येतात अधूनमधून दुपारी. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय काहीतरी बघायला."

"मी? मी त्यांच्याशी बोलतो तरी का?"

"ते मला काय माहीत? तुम्ही गच्चीवर काय काय करता ते मी विचारतच नाही. आणि माझं रांगोळीचं पीठ!"

"ते जाऊ दे. हा गुडघा बघ! गुडघा टेकून काय करत असेल हा माणूस? लिंबू? बिब्बा? पेटीत काय असेल?"

"तुमच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच पेटीत मावणार नाही," असं म्हणून ती खाली गेली.

पाडव्याला सुट्टी. सकाळी आमची गुढी उभारली, काकांचीही त्यांच्या कठड्याला उभी राहिली. जेवण झाल्यावर, "जरा पडतो," असं घरात सांगून मी गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत दाराच्या फटीला डोळा लावून बसलो. पोटात श्रीखंड, वर पत्रा तापलेला. झोप आली की मी स्वतःला चिमटा काढत होतो. चंद्राचे दिवस जवळ आले होते, आभाळ आज स्वच्छ होतं. आज हा माणूस सापडला नाही तर धूमकेतू गेला.

तीनच्या सुमारास कठड्यावर एक पाय आला. मग दुसरा. काका! धोतर खोचलेलं, बंडीच्या खिशात पाना, काखेत फडक्यात गुंडाळलेली लांब वस्तू. त्यांनी ताडपत्री काढली, व्यवस्थित घडी घातली, दांड्याकडे बघून मान हलवली, "च्" केलं, गुडघा टेकला आणि फडकं सोडलं.

मी दार लाथेने उघडून बाहेर उडी घेतली. "सापडला!"

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "हळू. बुडबुडा हलतोय."

दांड्यावर स्पिरिट लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायची पट्टी, ठेवलेली होती. काचेच्या नळीतला तो हिरवा बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला होता.

"काय करताय तुम्ही हे?"

"काय करतोय म्हंजे? तुझं काम करतोय. लाज वाटाय पायजे तुला. शिमग्यापासनं बघतोय, परत परत वाकतंय. सरळ करून ठेवलं की दोन दिसांनी परत त्वांड वर. नट चांगला हाय, आटे चांगले हायत, मी तेल दिलं, पॅकिंग घातलं, तरी वाकतंय. माकडं येत्यात काय तुमच्याकडं?"

"काका," मी म्हणालो, "ते मी वाकवतो."

ते उठून उभे राहिले. एवढा वेळ मी त्यांच्याकडे जसा बघत होतो, तसे आता ते माझ्याकडे बघायला लागले. "तू वाकवतोस? मी हितं कंबर मोडून सरळ करायचं आणि तू मागनं येऊन वाकडं करायचं? कशापायी?"

"ते वाकडंच पाहिजे. सतरा अंश!"

"सतरा?" असा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नसावा. "सतरा हा काय आकडा हाय? पंधरा घे. तीस घे. पंचेचाळीस घे. सतरा कुणी काढला?"

"देवाने. पृथ्वीच्या गोळ्यावर कोल्हापूर तिथे आहे, म्हणून सतरा."

"मग सरळ कुठं बसतंय हे?"

"विषुववृत्तावर."

"तिकडं ऱ्हा जा की मग."

मी हरलोच होतो, पण तेवढ्यात मला त्यांच्या पाठीमागे त्यांचीच गुढी दिसली. रेशमी खण, वर उपडा तांब्या, आणि काठी कठड्यावरून बाहेर झुकलेली. "त्या गुढीला लावली का तुम्ही लेव्हल? ती का वाकडी?"

काकांनी गुढीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ती देवाची हाय," ते म्हणाले.

"हीपण देवाचीच. हा दांडा ध्रुवाला लावलेला आहे."

काका खाली वाकले. मग लेव्हल परत फडक्यात गुंडाळायला लागले, हळूहळू, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. मला एकाएकी फार वाईट वाटलं. पण संशय काही जात नव्हता. "पण काका, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मी तुमच्याशी बोलत नाही. मग हे कशाला?"

"भांडान तुझ्याशी हाय," काका म्हणाले. "मशीननं माझं काय केलंय? चांगलं मशीन वाकडं पडल्यालं मला बघवत न्हाय. झोप येत न्हाय दुपारची."

मी त्यांना सगळं सांगितलं. दोन रोल वाया गेले, आज आभाळ स्वच्छ आहे, परवापासून चंद्र आडवा येणार. सतरा अंश मी आत्ता बसवीन, पण डावं-उजवं काही कळणार नाही, कारण ध्रुव तुमच्या टाकीमागे आहे.

"ठावं हाय," काका म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"टाकीमागं हाय ते. मुद्दाम ठेवलीया. तूच बोट करून दाखवलंतास की जागा. त्याच कोपऱ्यात वटा धरला."

वाचकहो, मी आनंदाने ओरडलो! आयुष्यभर शेकडो संशय घेतले, एकाचाही असा रोखठोक कबुलीजबाब कधी हाती आला नव्हता. मी त्यांना मिठीच मारणार होतो. "आणि पोलीस? पोलीसही तुम्हीच ना?"

"पोलीस मी न्हाय," ते तुटकपणे म्हणाले. तो तपास अजून चालू आहे.

काका कठडा ओलांडून आपल्या टाकीपाशी गेले. तिच्यावर चापट मारून बघितली. सकाळीच नळ येऊन गेला होता, टाकी काठोकाठ. सणाचा दिवस, घरात पाहुणे. ते खाली तोंड करून कानडीत काहीतरी ओरडले. खालून काकूंचा आवाज आला, त्यातला "हुच्च" हा एकच शब्द मला कळला. हुच्च म्हणजे खुळा, आणि तो एकवचनी होता की दोघांना मिळून, ते कळलं नाही.

"बघ सायेब," काका म्हणाले, "टाकी सारतो. पण तारा दावायचा. तारा न्हाय निघाला तर ही टाकी तुझ्या डोस्क्यावर उपडी."

मग जी धांदल उडाली! टाकीचा नळ सोडला. बादल्या, घागरी, कळश्या, श्रीखंडाची रिकामी पातेली, माझ्या मुलीचा आंघोळीचा टब, दोन्ही घरांतलं जे जे भरता येईल ते भरलं. काकू आणि माझी बायको कठड्यावरून भांडी इकडून तिकडे देत होत्या आणि आमच्या दोघांबद्दल बोलत होत्या, आम्ही तिथे नसल्यासारखं. उरलेलं पाणी नारळाला सोडलं. सूर्य बुडता बुडता काकांनी आणि मी टाकीला खांदा लावला आणि ती ओट्यावरून धड्डाम करून खाली आली आणि गडगडत गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. गल्लीतली चार माणसं काय पडलं म्हणून बाहेर आली.

आता वाट बघायची. वायव्येला धूमकेतू दिसायला लागला, उत्तरेला मात्र नुसता धुरकट उजेड. ध्रुव आमच्याकडे खालीच असतो आणि तसा काही मोठा तेजस्वी ताराही नाही. काका दर मिनिटाला विचारत होते, "कुठाय?" मी "येईल, येईल," म्हणत होतो, आणि टाकीकडे बघत होतो.

आला. ओट्याच्या बरोबर वर, थकलेल्या दिव्यासारखा.

मी नळीला डोळा लावला. काकांनी लाकडी हातोडी आणली होती. अशा कामाला ती कशी वापरायची, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"डावीकडे जरा," मी म्हणालो.

"जरा म्हंजे किती?"

"केसभर."

"केस कुणाचा, तुझा का माझा?"

टक्. तारा सरकला. टक्. आणखी थोडा. चौथ्या ठोक्याला तो नळीच्या मधोमध येऊन उभा राहिला, आणि काकांनी नट असे आवळले की दांडा सुताएवढाही हलला नाही. मग ते स्वतः गुडघा टेकून नळीत बघत बसले.

"आणि ह्यो जागचा हलत न्हाय म्हणतोस? रातभर?"

"नाही."

"बघतो मी," ते म्हणाले. म्हणजे माझ्यासारखाच आणखी एक माणूस इतके दिवस भिंतीपलीकडे राहत होता, आणि मला पत्ता नव्हता.

धूमकेतू खाली चालला होता. चार फोटोंपुरता वेळ. मी चक्रीवर, काका घड्याळावर; दर पाच सेकंदांना ते "हूं" म्हणायचे आणि मी चक्री एक खूण पुढे न्यायचो. पहिल्या फोटोत माझाच हात घसरला. दुसरा चालू असताना काकूंनी उरलेल्या बादल्या न्यायला गच्चीवरचा बल्ब लावला. "लाइट!" असे आम्ही दोघे एकदम किंचाळलो की गल्लीतली माणसं पुन्हा बाहेर आली. तिसरा. चौथा निम्म्यावर असताना धूमकेतू समोरच्या नारळात शिरला.

एक फोटो. पंधरवड्यातला एकुलता एक.

स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडापुढे धरली. "ह्याच्यावर बी ओरखडा हाय एक. बाकी कायच न्हाय. टिपकं नुसतं."

"तो ओरखडाच मोठा करून द्या," मी म्हणालो.

प्रिंट घेऊन आधी काकांकडे गेलो. त्यांनी धूमकेतूकडे फारसं पाहिलं नाही. खिशातून भिंग काढलं आणि कोपऱ्यातला एकेक तारा तपासला. "गोल हायत," ते शेवटी म्हणाले. आयुष्यात इतकं मोठं शिफारसपत्र मला दुसरं मिळालं नाही. मग भिंगातून वर बघत विचारलं, "बरोबर सतराच धरलंतास न्हवं?"

"जवळपास."

"जवळपास म्हंजे?"

मी विषय बदलला. टाकी त्यानंतर गच्चीच्या दुसऱ्या टोकालाच राहिली.

पुढे दोन हजार साल उलटलं, रस्ता रुंद झाला, पांढरे दिवे आले, उत्तरेला तीन मजली, मग पाच मजली इमारती उठल्या. टाकी सारून भागेल असं आता काही उरलं नव्हतं. ध्रुव कुणाच्या तरी स्वयंपाकघरामागे गेला. दुर्बीण मी माळ्यावर टाकली. खांब आणि बैठक तेवढी ताडपत्रीखाली राहून गेली.

एका उन्हाळ्यात गच्चीची गळती काढायला गवंडी आला. "हे लोखंड काढायचं का?" म्हणाला. कित्येक वर्षांनी मी ताडपत्री उचलली. मला वाटलं होतं गंज चढला असेल. नटाला तेल होतं. ताजं, बोटाला लागेल असं.

जुना संशय कसा छान जागा झाला! मी कोनमापक आणला. सतरा नव्हते. किंचित कमी. माझ्या नेलपॉलिशच्या ठिपक्याचे जुने दोन तुकडे, आणि पट्टीवर, त्याच्या जरासं खाली, सुईने कोरल्यासारखी एक नवी, बारीक रेघ.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी कोल्हापूरचा नकाशा काढला. ज्या नकाशांवर माझी उमर गेली, त्यातलाच. कडेचा आकडा मी कधी वाचलाच नव्हता. सोळा अंश, बेचाळीस कला; साठ कलांचा एक अंश, म्हणजे सतराला जरा कमीच. घरी येऊन रेघेवर माप ठेवलं. तंतोतंत.

कठड्यापलीकडे काका खुर्चीत बसले होते. आता पुष्कळ थकलेले, डोळे मिटलेले, भस्म मात्र तसंच.

"काका, माझ्या बैठकीला कुणी हात लावलाय?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"माकडं असतील," ते म्हणाले.